रविवारची लाईन

लाईन चालू आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ती बंद पडल्याची बातमी पांढरकवड्यात अर्ध्या लोकांनी पसरवून टाकली होती आणि उरलेल्या अर्ध्यांनी त्यावर विश्वासही ठेवला होता. आमच्याकडं हे असंच. एखादं चांगलं काम सुरू झालं तर कोणाला पत्ता नसतो, पण ते बंद पडायच्या घाईला आलं की पानठेल्यावर त्याचं श्राद्ध घालायला सगळे हजर.

ही फोनची लाईन चालवते अपेक्षा. भीमराज वाइंडिंगवाल्याची थोरली पोरगी, वय एकोणतीस. केळापूरच्या रस्त्यावर भीमराजचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. अपेक्षा तिथंच तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांत लहानाची मोठी झाली. सातवीत असताना ती जळलेली मोटर नुसत्या वासानं ओळखायची. यवतमाळला डिप्लोमा केला, नागपुरात दोन वर्षं एका कंपनीत कॉम्प्युटरची कामं शिकली, आणि चांगला पगार सोडून परत आली. लोक म्हणाले, पोरगी नापास झाली असंल. कोण समजावणार त्यांना? तिच्या परत येण्याचं कारण घरातच होतं. धाकटी बहीण साधना सिकलसेलची. या दुखण्यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, कुठंतरी अडकतात, आणि माणूस हातपाय पोटाशी घेऊन तळमळतो. साधनाला वेळेवर गोळी मिळाली, वेळेवर कोणी विचारपूस केली, तर महिनेच्या महिने ती चांगली राहते. हे अपेक्षानं जवळून पाहिलं होतं. पण साधनाला विचारायला घरात चार माणसं होती. कोलामांच्या पोडावर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावर असं कोण विचारणार?

ते विचारायचं खूळ होतं विमलताईंच्या डोक्यात. विमलताई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. आवाज असा की वॉर्डातल्या मांजरीसुद्धा रांगेत बसाव्यात. त्यांनी आणि अपेक्षानं मिळून चार वर्षांपूर्वी ही लाईन सुरू केली. दर रविवारी सकाळी सातपासून सिकलसेलच्या प्रत्येक पेशंटच्या घरी फोन जातो. फोनवर विमलताईंचा भरून ठेवलेला आवाज विचारतो, कसे आहात, गोळी चालू आहे का, कुठं दुखून राह्यलं का. पोडांसाठी हेच सगळं कोलामीतही भरून ठेवलेलं आहे. समोरचा माणूस जे बोलेल ते रेकॉर्ड होतं, एक मशीन ते ऐकतं, आणि त्यात दुखण्याची, तापाची गोष्ट आली की ते नाव वर काढून ठेवतं. मग सोमवारी विमलताई स्वतः त्या घरी फोन लावतात. वाचता न येणाऱ्या माणसालाही ही लाईन कळते. मोठी गोष्ट हीच होती.

आता हे मशीन कुठं आहे? हा प्रश्न अपेक्षाला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारायचंच. ती म्हणायची, मुंबईला. मग तू इथं काय करते? तर मी ते इथून चालवते. लोक मान हलवायचे, पण पटायचं नाही कोणालाच. शेवटी भीमराजनंच एक उत्तर शोधून काढलं. आपल्या गिऱ्हाइकांना तो सांगायचा, ट्रॅक्टर भाड्यानं आणतो का नाही आपण, तासावर? तसे हे कॉम्प्युटर तासावर आणते. ट्रॅक्टरवाला बांधावर चहा पीत बसला आणि इंजिन चालू राहिलं तरी मीटर चालूच, तसंच तिथंही. वापरा नाहीतर नुसतं चालू ठेवा, पैसे लागतात.

भीमराज हे सांगत होता, आणि त्यातच त्याच्या पोरीची सगळी फजिती भरलेली होती, हे त्यालाही माहीत नव्हतं.

लाईनचा खर्च नागपूरचा एक ट्रस्ट द्यायचा. पहिली वर्षं बिल महिन्याला अकरा हजारांच्या आसपास यायचं आणि कोणी चकार शब्द काढायचं नाही. पण मागच्या वर्षभरात ते चढत चढत ऑगस्टात एक्केचाळीस हजारांवर गेलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रस्टचं पत्र आलं. भाषा फार गोड होती, म्हणजे मजकूर कडू असणार हे विमलताईंनी पहिल्या ओळीतच ओळखलं. ऑक्टोबरचं बिल पंधरा हजारांच्या आत आणा. नाही जमलं तर नोव्हेंबरपासून लाईन बंद, आणि बाहेरची एक कंपनी पेशंटना मोबाईलवर लेखी मेसेज पाठवेल. ते काम फार स्वस्तात होतं.

लेखी मेसेज! विमलताईंनी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि चष्मा काढला. नऊशे चौदा पेशंटांपैकी निम्म्या घरांत तो मेसेज कोणी उघडणारही नव्हतं. त्या अपेक्षाला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, की मला यातलं काही कळत नाही, तुलाच पाहावं लागंल. 

तिनं बसून विचार केला. लाईन चालते रविवारी एकच दिवस, आणि मुंबईतली भाड्याची सहा मशीनं तर आठवडाभर चालू असतात. मग सोमवार ते शनिवार ती बंद ठेवली तर? इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही म्हणून तिनं स्वतःच्याच डोक्यात टपली मारली. सोमवारी दुपारी तिनं सहाच्या सहा मशीनं बंद केली आणि पत्र आल्यापासून पहिल्यांदा घरी जाऊन नीट जेवली. मंगळवारी सकाळी पाहते तर सहाही मशीनं चालू.

आपलंच काही चुकलं असंल म्हणून पुन्हा बंद केली. चहा पिऊन आली तर पुन्हा चालू. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. तिला वाटलं, कोणी बाहेरून आत घुसलंय की काय. पासवर्ड बदलला. शुक्रवारी पुन्हा सहा मशीनं मजेत चालू. भुताटकीवर तिचा विश्वास नाही, त्या घरात तो कोणाचाच नाही. पण शुक्रवारी दुपारी तिनंही इकडं तिकडं पाहून घेतलं.

मग तिनं रजतला फोन लावला. रजत तिचा डिप्लोमाचा वर्गमित्र, नागपुरात मोठ्या कंपनीत हेच काम करणारा. पोरगा हुशार, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. काही उघडून न पाहताच त्यानं सांगितलं, की तुमचे लोक फार बोलतात. दोन-दोन, तीन-तीन मिनिटं बोलतात, ते सगळं मशीनला ऐकावं लागतं, साठवावं लागतं. तीस सेकंदांवर कापून टाक, बिल खाली येतं की नाही बघ. त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं झालं होतं तिचं. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिनं सगळ्यांचं बोलणं तीस सेकंदांवर कापलं.

इथं तिची चूक झाली, आणि ती तिला कळायला हवी होती. आमच्याकडं कोणी दुखणं असं एकदम समोर आणून टाकत नाही. सोयऱ्याच्या घरी जाऊन उंबऱ्यातच कोणी रडगाणं गातं का? आधी रामराम, जयभीम होतो, मग पाऊसपाणी, ढोरंवासरं, कापसाला बोंड धरलं का, आणि मग दाराकडं उठता उठता, जसं काही आत्ताच आठवलं असं करून, माणूस खरी गोष्ट काढतो. पोडावर तर हे जास्तच पाळतात. आधी दुसऱ्याचं विचारल्याशिवाय आपलं दुखणं काढणं वाईट दिसतं. विमलताईंच्या आवाजालाही लोक हाच मान द्यायचे. तीस सेकंदांत पाऊससुद्धा सांगून होत नाही.

मंगळवारी मुकुटबनकडच्या एका पोडावरचा उकंडा आत्राम काळीपिवळी जीपमधून उतरला तो सरळ लाईनच्या ऑफिसात आला. खांद्यावर नऊ वर्षांची नात, अंग तापलेलं, पाय सरळ होत नव्हते. शनिवारपासून दुखत होतं. रविवारी फोन आला तेव्हा तो सांगणारच होता. विमलताईंनी पोरीला पाहिलं आणि तशीच दवाखान्यात नेली. अपेक्षानं संगणकावर उकंडाचं रेकॉर्डिंग काढलं. पाणी बरं आहे ताई, गाईला कालवड झाली, आणि नात, एवढ्यावर आवाज तुटला होता. मशीननं त्याच्या नावापुढं ठीक म्हणून खूण केली होती.

विमलताईंना पोरीपाशी बसवून उकंडा दवाखान्यातून परत आला आणि बाकावर बसला. अपेक्षानं त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं अगदी हळू विचारलं, "बाई, फोनवाल्या ताईनं मधातच फोन ठेवून देला. माह्यं काही चुकलं का?"

अपेक्षाला तोंड वर करता येईना. ती म्हणाली, "तुमचं नाही काका, माह्यं चुकलं."

पोरगी चार दिवसांत हिंडूफिरू लागली, हे नशीब. पण अपेक्षानं त्याच दुपारी ती तीस सेकंदांची कात्री काढून फेकली. रजतला सांगितलंही नाही. बिल तर तिच्या या कापाकापीनं जेमतेम सातशे रुपयांनी खाली येणार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि खरा चोर तर तिच्या नाकासमोर बसून होता.

पुढचा आठवडा तिनं नुसता कुढण्यात घालवला. साधनाला हे सगळं माहीत होतं. ती रोज बहिणीचा डबा भरून द्यायची आणि रोज तो अर्धा परत यायचा. शेवटी एका दुपारी भीमराजनं पोरीला फोन करून दुकानात जेवायला बोलावलं. म्हणाला, ऑफिसात बसून डबा गोड लागत नसंल तर इथं ये.

ती जेवायला बसली तेवढ्यात गोपाल मोटर घेऊन आला. गोपाल केळापूरकडचा कापूसवाला, बोलायला गोड आणि भीमराजचं कायमचं गिऱ्हाईक. कायमचं अशासाठी की त्याची मोटर या मोसमात तिसऱ्यांदा जळली होती. भीमराजनं ती हुंगली आणि त्याचं डोकं सटकलं. विहिरीत पाणी खाली गेलेलं, आणि मोटर कोरडी चालून जळलेली, हे त्याला न उघडताच कळलं. आता आमच्याकडं लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो बसवतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू, माणसाला शेतात जायला नको. मोटर घेतली की पहिलं काम ऑटो लावायचं, ही इथली रीतच आहे.

गोपाल म्हणत होता, की मी तर मोटर बंद करूनच गेलतो, ते आपोआपच चालू झालं.

"अरे, तू मोटर बंद केली," भीमराज म्हणाला. "ऑटो कोन बंद करन?"

अपेक्षाचा घास हातातच राहिला.  भीमराजनं विचारलं, काय झालं व, मिरची लागली का? तिनं डबा तसाच उघडा ठेवला, हात धुतले न धुतले केले आणि स्कूटी काढून ऑफिस गाठलं. मागं भीमराज गोपालला म्हणाला, पाह्य बरं, तुह्या मोटरीच्या वासानं पोट्टी जेवण सोडून पयाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार वर्षांपूर्वी लाईन उभी करताना अपेक्षानं पहिल्याच दिवशी, दुसरं काहीही करायच्या आधी, ऑटो लावलं होतं. एखादं मशीन बंद पडलं की दुसरं आपोआप चालू व्हावं, अशी आज्ञाच तिनं देऊन ठेवली होती. वाइंडिंगवाल्याच्या घरची पोरगी, ती दुसरं काय करणार? आणि मागच्या वर्षी पेशंट वाढले, एका रविवारी लाईन तुंबली, तेव्हा घाबरून तिनं त्या आज्ञेत आणखी एक वाक्य घातलं होतं की सहापेक्षा कमी मशीनं कधीच नकोत. ती रोज मशीनं बंद करत होती, आणि तिचीच जुनी आज्ञा रोज ती चालू करत होती. बाहेरून कोणी घुसलं नव्हतं. तिथं मुंबईला तिचाच इमानदार नोकर बसला होता, मेला कधी झोपतच नव्हता.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर ती अपेक्षा कसली. प्रत्येक नवं मशीन चालू होताना आपल्यासोबत एक कोरी डिस्क घेऊन यायचं. जुनं मशीन गेलं तरी त्याची डिस्क मागं राहायची, कारण तिथंही तिनंच लिहून ठेवलं होतं, टाकायची नाही, असू द्या. भीमराजच्या दुकानाच्या माळ्यावर वीस वर्षांचे बेअरिंग पडून आहेत, लागंल कधी म्हणून. तेच वळण पोरीचं. चारशे सतरा डिस्का जमल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीचं भाडं दर महिन्याला भरलं जात होतं.

त्या चारशे सतरा डिस्का पुसायच्या तर तिची छाती होईना. चुकून एखादीत पेशंटची माहिती असली तर? लोकांची रेकॉर्डिंगं वेगळ्या जागी आहेत हे तिला माहीत होतं, तरी तिनं दोन दिवस घालवून एकेक डिस्क उघडून पाहिली. सगळ्यांत तेच ते, मशीन चालू व्हायला लागणारं सामान. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं विमलताईंना शेजारी खुर्ची दिली. एकटीनं पुसायची हिंमत नव्हती, हे तिनं स्पष्टच सांगितलं.

विमलताईंनी त्या लांबच लांब यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात पेशंट आहेत का कोणी?"

"नाही ताई. रिकाम्या खाटा आहेत."

"मग चादरी काढून टाक. कायची वाट पाहून राह्यली?"

आणि चादरी निघाल्या. सगळं पुसलं गेल्यावर अपेक्षानं कपाळावरचा घाम पुसला आणि ऑटोकडं वळली. त्याला नवी आज्ञा दिली. सोमवार ते शनिवार सगळी मशीनं बंद म्हणजे बंद. रविवारी सकाळी पावणेसातला दोन चालू कर, फोन वाढले तर तिसरं घे, चौथं घे, संध्याकाळी सगळी बंद. ऐकायला सोपं वाटतं. पण इतके दिवस जो नोकर चालू करायलाच शिकलेला, तो वेळेवर उठेल की नाही, याची शाश्वती कोण देणार? रविवारी लाईन लागलीच नाही तर नऊशे चौदा घरं फोनकडं पाहत बसतील, आणि ट्रस्टला लाईन बंद करायला आयतं निमित्त मिळेल.

त्या रविवारी ती साडेसहालाच ऑफिसात होती. विमलताई आल्या, साधनाही आली. पावणेसात वाजले. पडद्यावर शून्य मशीनं. सहा सेहेचाळीस, शून्यच. अपेक्षाची पाचावर धारण बसली. साधनानं तिचा हात धरून ठेवला. विमलताई भिंतीवरच्या घड्याळाकडं अशा पाहत होत्या की ते घड्याळ घाबरून पुढं सरकावं. सहा अठ्ठेचाळीसला पहिलं मशीन चालू झालं, पाठोपाठ दुसरं. बरोबर सातला पहिला फोन गेला, आणि कळंबकडच्या कोण्या म्हाताऱ्यानं उचलून मोठ्यानं सांगितलं, की बोला ताई, मी बसूनच आहो. तिघींचा जीव भांड्यात पडला. विमलताईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच साधनावर खेकसल्या की अशी काय पाहून राह्यली, चहा टाक.

महिनाभर अपेक्षा रोज सकाळी खर्चाचा आकडा पाहायची, आणि रोज तो खाली असायचा, तरी तिचा विश्वास बसायचा नाही. नोव्हेंबरच्या एक तारखेला ऑक्टोबरचं बिल आलं, नऊ हजार सहाशे चाळीस. ट्रस्टचं उत्तर आठवड्याभरात आलं. या वेळी भाषा कोरडी होती, म्हणजे मजकूर गोड असणार. लाईन चालू ठेवा, आणि वाचलेल्या पैशात झरीकडचे आणखी तीनशे पेशंट जोडता येतील का ते कळवा. अपेक्षा ते वाचून खुर्चीत मागं रेलली आणि कितीतरी वेळ नुसती हसत राहिली. हलकं वाटत होतं, ताप उतरल्यासारखं. पानठेल्यावरच्या मंडळींना मात्र श्राद्धाचा बेत मोडल्याचं थोडं वाईट वाटलं असावं.

झरीकडचे तीनशे जोडले गेले. त्यांच्या पहिल्या रविवारी अपेक्षा नवी रेकॉर्डिंगं ऐकत बसली होती. रजतनं एवढ्यात फोन करून अभिनंदन केलं होतं आणि जाता जाता पुन्हा म्हणाला होता, की तरी पण ते लांबलचक बोलणं काप, अजून स्वस्त होईल. ती हो ला हो म्हणाली होती. कापणार तर ती नव्हतीच.

एक रेकॉर्डिंग कांताबाई नावाच्या बाईचं होतं. मशीननं ठीक म्हणून खूण केलेलं, म्हणजे ते ऐकायची गरज नव्हती. तरी तिनं लावलं. कांताबाईनं आधी सगळं नीट सांगितलं. गोळी चालू आहे, ताप नाही, हात नाही दुखत, पाय नाही दुखत. मग ती थांबली. पलीकडं कुठंतरी कोंबडी ओरडली.

"ताई, आज काहीच नाही दुखून राह्यलं," ती म्हणाली. "तरी बोलू का थोडं?"

आणि कोणी नाही म्हणायच्या आत ती बोलू लागली. सुनेचं, तुरीचं, घरावरच्या गळक्या टिनाचं. अपेक्षानं हेडफोन कानांवर घट्ट दाबला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं.